गोल शिक्का

आजोळच्या ओसरीवर, खुंटीखालच्या कोनाड्यात, एक पितळी पानाचा डबा असे. पान खाणारे आजोबा गेले आणि डब्याचे कात-चुन्याचे दिवस सरले. मग काही वर्षं त्यात बटणं, गंजलेल्या सुया आणि कुठल्याशा हरवलेल्या कुलपाची पोरकी किल्ली असा संसार नांदला. पुढे मामाने त्यात गाव ठेवलं. म्हणजे गावाचा शिक्का. लाकडी मुठीचा, रबरी तळव्याचा, बंद्या रुपयाहून थोडा मोठा गोल शिक्का. वाडीची नवी ग्रामपंचायत झाली तेव्हा तिला कार्यालय नव्हतं आणि कपाटही नव्हतं, म्हणून नव्यानेच शिपाई झालेला मामा रोज संध्याकाळी शिक्का कनवटीला लावून घरी आणी. रात्री मामीने दिवा मालवला, की एक अख्खं गाव आपल्या शिवेसकट पानाच्या डब्यात झोपी जाई. सकाळी डबा उघडताना जुन्या काताचा आणि जांभळ्या शाईचा मिसळलेला वास येई. स्वराज्याला वास असतो की नाही, मला ठाऊक नाही. असलाच तर माझ्या नाकाने तो तसा लक्षात ठेवला आहे.

त्याआधी आमची वाडी दुसऱ्या कुणाच्या तरी शिक्क्यात राहत होती. ओढ्याच्या अलीकडे वाडी, पलीकडे मोठं गाव आणि दोघांत मिळून एक गट ग्रामपंचायत. महाराष्ट्रात गावं 40 हजारांवर आणि ग्रामपंचायती 28 हजारांच्या आसपास. तेव्हा पुष्कळ गावांना एका घोंगडीत दोघा-तिघांनी निजावं लागतं, आणि घोंगडी ज्याच्या अंगावर जास्त असते त्याला ती नेहमीच पुरेशी वाटते. पावसाळ्यात ओढा फुगला की पंचायत पलीकडे राही आणि आम्ही अलीकडे. आषाढात जन्मलेलं पोर गौरी-गणपतीपर्यंत कागदावर जन्मत नसे, आणि श्रावणात गेलेला म्हातारा दिवाळीपर्यंत सरकारदरबारी जिवंत राही. एका घरी तर तेराव्याची पंगत उठली आणि म्हाताऱ्याच्या नावे घरपट्टीची मागणी आली. मुलाने ती मुकाट भरली आणि पावती बापाच्या फोटोखाली सरकवून ठेवली. कुणीतरी बापाला अजून हयात समजतंय, एवढ्याचंच त्याला बरं वाटलं असावं.

वेगळं व्हायचं ठरलं त्याला कारण ओढा होता, की नळाचं पाणी, की एका लग्नातला मानपान, यावर वाडीत आजही एकमत नाही. पण ठरलं. मग ठराव झाला, नकाशा झाला, लोकसंख्येचा दाखला झाला, आणि त्या कागदांची दिंडी पंचायत समिती, जिल्हा परिषद असे मुक्काम करत राजपत्राच्या पंढरीला निघाली. ती पोचेपर्यंत ज्यांनी पहिल्या अर्जावर अंगठे उठवले होते त्यांतले दोघं-तिघं वर गेले. (त्यांचे दाखले अर्थात पलीकडूनच आणावे लागले.) शेवटी कागद आला आणि वाटणी सुरू झाली. थोरल्या-धाकट्याची चूल वेगळी होताना जे होतं, तेच झालं. खुर्च्या मोजून विभागल्या. कपाट दोन करता येईना, सतरंजीही फाडता येईना, म्हणून कपाट गावाकडे राहिलं आणि सतरंजी वाडीला आली. भिंतीवरच्या तसबिरींतले गांधीजी पलीकडे राहिले आणि बाबासाहेब ओढा ओलांडून आमच्याकडे आले. मामाने ती तसबीर छातीशी धरून, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, पाण्यातून आणली. त्या वेळी ती नुसती वाटणी वाटली होती. तिच्यात काही योजना असावी असं मला पुढे वाटू लागलं.

निवडणूक होईपर्यंत नव्या पंचायतीवर प्रशासक नेमतात. आजीला हे पटकन कळलं, कारण सातबाऱ्यावर पोरक्या नातवाच्या नावापुढे तिने ‘अ. पा. क.’ लिहिलेलं पाहिलं होतं. अज्ञान पालनकर्ता. “म्हणजे गाव अजून अज्ञान आहे म्हणायचं,” ती म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. तिच्या मनात टोमणा नव्हता. लहान लेकराविषयी बोलावं तशी ती बोलली होती. पण मला तेव्हापासून त्या कायद्याची गंमत वाटत आली आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 सालचा. त्याचं नववं कलम असं, की पंचायत ही कायद्याच्या नजरेत एक व्यक्ती असते. तिची परंपरा अखंड असते, म्हणजे सरपंच जातील, सदस्य जातील, ती मात्र मरणार नाही. तिने स्वतःच्या नावाने मालमत्ता घ्यावी, कुणावर फिर्याद करावी, आणि कुणी तिच्यावर केली तर कोर्टात उभं राहावं. आणि तिची स्वतःची एक मोहोर असावी. शेकडो पावसाळे पाहिलेलं गाव. त्यात लग्नं लागली, साथी आल्या, विहिरी आटल्या आणि भरल्या. तरी ते माणसात आलं ते राजपत्राच्या एका पानाने. मामाच्या पानाच्या डब्यात रात्री कोण झोपत होतं, हे मला तो कायदा वाचल्यावर समजलं.

पुढे पंचायतीला पॅन क्रमांक हवा झाला. त्या अर्जात एक रकाना असतो: जन्मतारीख किंवा स्थापनेची तारीख. तेव्हाचे ग्रामसेवक आमच्या ओसरीवर चहा घेत अर्ज भरत होते. ते सहज मोठ्याने बोलले, “गावाची जन्मतारीख काय टाकावी?” आजी आतून म्हणाली, “गावाचा जन्म कुणी पाहिलाय, भाऊ? गावाने आपले पाहिलेत. पांढरी वसली तेव्हाची टाका.” पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकाची. माणसांच्या चुलींची राख, पडक्या भिंतींची माती, शेणामुताचा थर साचत साचत जी जमीन पांढुरकी होते, तिला आपल्या भाषेने गावाचं नाव दिलं आहे. तिला जन्मतारीख कुठून असणार? ग्रामसेवकांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि शासनाच्या कागदावरची तारीख टाकली. आजीच्या हिशेबाला अर्जात रकानाच नव्हता.

मोहोरेचं म्हणाल तर गावांना ती काही नवी नव्हे. शिवकाळातले आणि पेशवाईतले महजर पाहिले, म्हणजे गोतसभेने बसून दिलेले निवाडे, तर त्यांच्या तळाशी सह्यांऐवजी चित्रं दिसतात. पाटलाची निशाणी नांगर. मग बलुतेदार आपापलं हत्यार काढत. कुणाचं लोखंड पकडायचं, कुणाचं लाकूड तासायचं, कुणाचं हजामतीचं. लिहिता न येणारा माणूस पोटाच्या साधनाने सही करी. मला ती चित्रं बघताना नेहमी वाटतं, की तो कागद म्हणजे दुपारच्या वेळी रिकामा पडलेला कारखानाच आहे, सगळे हत्यारं ठेवून जेवायला गेलेत. आमच्या गोल शिक्क्यात यातलं काही नाही. वर ग्रामपंचायतीचं नाव, खाली तालुका-जिल्हा आणि मध्ये पोकळी. पण त्या चित्रांचा मोह आवरायलाही हवा. महाराची निशाणी कागदावर उमटे तेव्हा महार त्या बैठकीत कुठे, किती अंतरावर बसलेला असे, ते चित्रात दिसत नाही. कागदावर सगळी हत्यारं शेजारीशेजारी मांडलेली असतात. पारावर तशी मांडणी नसे.

गावावर लांबून प्रेम करणं सोपं असतं. 1830 साली चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलं, की हिंदुस्थानातली गावं म्हणजे छोटी छोटी गणराज्यं आहेत. राज्यं बुडतात, ती टिकतात. पुढे शंभर वर्षं ज्याला गावाचं कौतुक करायचं त्याने ते वाक्य उसनं घेतलं. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी मेटकाफचं नाव घेऊनच विचारलं, की टिकली, पण कशी टिकली? गाव म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर आहे, असं त्यांचं मत होतं, आणि मसुद्याने गाव टाकून व्यक्ती हा घटक धरला याचा त्यांनी उघड आनंद मानला. त्याच महिन्यात के. संतानम यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींचं कलम मार्गदर्शक तत्त्वांत आलं. तेच आजचं 40 वं कलम. तिथून घटनेच्या मुख्य घरात यायला पंचायतींना 1993 साली अमलात आलेली 73 वी दुरुस्ती लागली. म्हणजे घटनेने माणसाला घटक मानलं, आणि दहा वर्षांनी राज्याच्या कायद्याने पंचायतीला माणूस मानलं. आमच्या वाडीच्या भिंतीवर बाबासाहेब आले ते बरंच झालं. नव्याने माणसात आलेल्या गावावर कुणाची तरी अशी चष्म्याआडून नजर हवीच.

माणूस झालेलं गाव पुढे नीट वागलं तर कसं दिसतं, हे बघायचं तर गडचिरोलीकडे जावं लागतं. धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गोंड आदिवासींचं गाव आहे, शंभराच्या आसपास घरांचं. त्याचं नाव लिहितात ‘मेंढा (लेखा)’. लेखा हे शेजारचं गाव, आणि गट ग्रामपंचायतही त्याच नावाची होती. आमची वाडी जशी सगळ्या कागदांवर मोठ्या गावाच्या आडोशाने उभी असे, तसा मेंढ्याच्या गळ्यात हा कंस. पण कंस पुसण्याच्या अर्जापासून मेंढ्याने सुरुवात केलीच नाही. 1980 च्या दशकात गोदावरी आणि इंद्रावतीवरच्या मोठ्या धरणांविरुद्ध आंदोलन उभं राहिलं. त्या धामधुमीत देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने, एक वाक्य कमावलं: “दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.” घोषणा म्हटल्या की त्यांत सहसा कुणाला तरी पाडायचं असतं. हिच्यात पाडापाडी नाही. दिल्ली-मुंबईचं सरकारही ‘आमचंच’ म्हणून तिने जवळ घेतलं आहे. थोरल्या घरी मान देऊन धाकट्या घराची किल्ली आपल्या कमरेला लावणाऱ्या सुनेसारखी ती घोषणा आहे.

मग ते गाव बसलं. बसलं हाच शब्द योग्य. निर्णय सगळ्यांच्या सहमतीने करायचा, बहुमताने नाही, असं त्यांनी ठरवलं. एकाचं जरी मन राजी नसेल तर विषय पुढे ढकलायचा आणि पुन्हा बसायचं. समजून घेण्यासाठी वेगळा अभ्यासगट. तिथे बाहेरच्यांनी यावं, कायदे सांगावेत, वाद घालावेत. निर्णय मात्र ग्रामसभेत, गावाचा. आम्हा मत मोजून मोकळं होणाऱ्यांना ही रीत वेळखाऊ वाटते. पण भात शिजायला ठेवल्यावर वरच्या शितांनी हात वर करून ‘आम्ही शिजलो’ म्हटलं, तरी खालचे दाणे कच्चे असतील तर पंगत बसवत नाहीत, एवढं आमच्याही स्वयंपाकघरात माहीत असतं. आणि मला वाटतं, बाबासाहेबांच्या प्रश्नाला गावाकडून देण्यासारखं उत्तर इथेच कुठेतरी आहे. गाव व्यक्ती झालं तरी त्यातल्या एका व्यक्तीच्या ‘नाही’पाशी ते थांबतं.

मेंढ्याभोवती जंगल, जंगलात बांबू. या बांबूचा इतिहास कुणी विनोदी लेखकाने रचला असता तर त्याला अतिशयोक्ती म्हटलं असतं. वनस्पतिशास्त्राने बांबू हे गवत. 1927 च्या वन कायद्याने ते 2017 पर्यंत झाड. झाड म्हटलं की इमारती लाकडाच्या रांगेत बसलं आणि त्यावर सरकारचा हात आला. वर्षानुवर्षं त्या भागातला बांबू कागद कारखान्याला भाडेपट्ट्याने जाई. म्हणजे गावाच्या अंगणातलं गवत झाड होऊन जायचं, झाडाचा कागद व्हायचा, आणि तशाच एखाद्या कागदावर लिहून यायचं, की हे तुमचं नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनउपजात घातलं. 2009 साली मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांत त्याचं नाव लागलं. तरी बांबू हलेना. हक्क गावाचा, पण नाक्यावरून बांबू न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. पोरीचं लग्न ठरावं, मांडव पडावा आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचा दाखला भलत्याच घरी असावा, तसं ते झालं.

27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्यांचं ते पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिलं. मोठ्या माणसांच्या दौऱ्यात कोनशिला बसतात, फिती कापल्या जातात. इथे एक पुस्तक, तेही कोऱ्या पावत्यांचं, हातातून हातात गेलं. मला त्या दिवशीच्या भाषणांत रस नाही. मी त्या पुस्तकाच्या पहिल्या पानाचा विचार करतो. तोवर जे सही-शिक्के गावाला दुसऱ्याकडून मागावे लागत होते, ते आता गाव स्वतः मारणार. बांबूच्या गाडीबरोबर नाक्यावर गावाचा शब्द जाणार, आणि नाक्यावरच्या माणसाने तो वाचून दांडा वर करायचा. स्वराज्य हा शब्द केवढा थोरला, आणि मावतो कुठे? पावतीच्या पुस्तकात. पानाच्या डब्यात. कनवटीला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण 2013 साली मेंढ्याने ग्रामदान केलं. विनोबांना 1951 साली पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं, त्यातूनच पुढे ग्रामदान निघालं. महाराष्ट्राने 1964 मध्ये त्याचा कायदाही केला. तो कायदा मग आजीच्या पेटीतल्या नऊवारी पैठणीसारखा घडीत राहिला. सगळ्यांना ठाऊक, की आहे, नेसतं कोण? मेंढ्याने ती नेसली. कसणं ज्याचं त्याच्याकडे, पण जमिनीची मालकी गावाच्या नावे, आणि विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी. आमच्याकडे बांधावरच्या वीतभर जागेसाठी सख्खे भाऊ तीन पिढ्या तारखांना जातात आणि एकाच एसटीने परत येतात. त्या मातीत वाढलेल्या मला हे वाचताना जरा बिचकायला झालं. मी मामाला सांगितलं. तो बराच वेळ सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे त्यांनी गावाला माणूस मानलं, ते नुसतं कोर्टापुरतं नाही. घरातलं माणूस मानलं.”

मामा आता निवृत्त आहे. पंचायतीला कार्यालय आहे, कपाट आहे, संगणकातून दाखले निघतात, आणि शिक्का तिथल्या खणात कुलुपात असतो. पानाच्या डब्यात पुन्हा बटणं आली आहेत. गेल्या 15 ऑगस्टला मी वाडीत होतो, तेव्हा झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. कायद्याने ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांतली कमी असेल ती संख्या. वाडीला 90 हवे होते. जिलबीच्या वेळी दीडशे होते, सभेच्या वेळी 61 उरले. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नसते. न येणाऱ्यांची एवढी काळजी कायद्याने घेतली आहे. आठ दिवसांनी 23 माणसांनी बसून चार ठराव केले. एका ठरावाला कोपऱ्यातून एक म्हातारी ‘नाही’ म्हणाली. तिला ‘बरं, बरं’ म्हटलं गेलं. बाबासाहेब भिंतीवरून बघत होते. चारही ठरावांवर शिक्का गोलच्या गोल, स्वच्छ उमटला. त्या गोलात किती माणसं होती, हे शिक्क्याला कळत नाही. ते त्याचं कामही नाही.

परवा मामाचा फोन आला होता. वाटणीत ओढ्यापलीकडून आलेली ती सतरंजी अजून आहे. कडेने विरली आहे, पण आहे. पुढची ग्रामसभा 2 ऑक्टोबरला. पंचायतीत आता प्लास्टिकच्या खुर्च्या पुष्कळ आहेत. त्या ओळीत मांडल्या की मागच्याला पुढच्याचं तोंड दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून यंदा सतरंजी अंथरायची त्याने परवानगी काढली आहे. त्या कोपऱ्यातल्या म्हातारीला आणायला तो स्वतः जाणार आहे. आणि सतरंजी त्याने आत्ताच झटकून, उन्हात घालून ठेवली आहे.